जादूगार, लढवय्या आणि पंक्तिप्रपंच

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्याकडे पंगतीत वाढायला उभं राहणाऱ्या पोरासोरांना घरातली मोठी माणसं एक गोष्ट बजावून सांगत. पंक्तिप्रपंच करायचा नाही. जावईबापूंच्या पानात जिलेबीचा ढीग आणि पंगतीच्या टोकाला बसलेल्याला जेमतेम एक वेढं, असं चालणार नाही. ज्याला कमी वाढलं जातं तो सहसा बोलत नाही. तो मुकाट जेवतो, हात धुतो आणि पुढच्या खेपेला काहीतरी सबब सांगून येत नाही. आज मी तुम्हाला एका खेळाबद्दल सांगणार आहे. त्या खेळात मी एकदा असाच पंक्तिप्रपंच केला. गंमत म्हणजे त्या वेळी वाढपी मी नव्हतोच. मी होतो जावई.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. अलीकडे आपल्याकडच्या मुलांनी हे नाव ऐकलेलं असतं, पण बऱ्याच जणांना वाटतं की तो संगणकावरचा खेळ आहे. मूळ खेळाला संगणक लागत नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक सूत्रधार होतो. तो गोष्ट सांगतो: तुम्ही एका दरीच्या तोंडाशी उभे आहात, पलीकडे पडका किल्ला आहे, बुरुजावर मशाली दिसताहेत. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं ते सांगतात. जमलं की नाही, हे फासे ठरवतात. त्यातला मुख्य फासा वीस बाजूंचा असतो. खेळ महिनोन् महिने चालतो, कधी वर्षानुवर्षं. पात्रं अनुभवाचे गुण मिळवतात आणि पायरी पायरीनं मोठी होतात. इथे कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. सगळ्यांनी मिळून एक गोष्ट जगायची असते.

प्रत्येक पात्राचा एक पेशा असतो. कुणी लढवय्या, कुणी चोर, कुणी देवाचा पुजारी, कुणी जादूगार. आणि या जादूगाराचं करायचं काय, हा प्रश्न खेळ जन्मल्यापासून, म्हणजे १९७४ सालापासून, खेळ रचणाऱ्यांना छळतो आहे.

मला या प्रश्नाची ओळख झाली ती अमेरिकेत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कंपनीनं मला विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात पाठवलं. हा खेळ जिथे जन्मला ते लेक जिनीव्हा हे गाव तिथून तासाभराच्या अंतरावर. या खेळांची सर्वांत मोठी जत्रा, जेन कॉन, तीही २००२ पर्यंत मिलवॉकीतच भरायची. हिवाळा कडाक्याचा, बाहेर गुडघाभर बर्फ. एका सहकाऱ्यानं शनिवारी संध्याकाळी घरी बोलावलं. तळघरात टेबल, त्यावर पिझ्झाचे खोके, आणि खोक्यांच्या मधे ते चमत्कारिक फासे. २००० सालच्या ऑगस्टमध्ये खेळाची तिसरी आवृत्ती त्याच जत्रेत बाजारात आली आणि आमच्या टोळीनं नवी पुस्तकं घेऊन नवा डाव मांडला. मी जादूगार घेतला. माझ्या शेजारी बसणारा एक सहकारी होता. वयानं माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठा, कारखान्यात लेथवर हयात घालवलेला, मितभाषी. त्यानं लढवय्या घेतला.

पहिले काही महिने माझा जादूगार म्हणजे नुसती पंचाईत होती. अंगातलं बळ मोजायचे गुण असतात, ते माझ्याकडे चार-पाच. लढवय्याकडे बारा. मांजरानं ओरबाडलं तरी मी आडवा व्हायचा. चिलखत घालून मंत्र म्हणायची पंचाईत, आणि कामाचे मंत्र दिवसाला दोन. ते संपले की मी कंदील धरायचा. लेथवाला मित्र दर वेळी शांतपणे म्हणायचा, "माझ्या मागे उभा राहा." त्याच्या ढालीमागे उभा राहून मी मोठा झालो, असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

मग पायऱ्या चढत गेलो. पाचव्या पायरीला मला आगीचा गोळा टाकता येऊ लागला. लढवय्याची तलवार एका वेळी एकाला लागते. गोळा खोलीतल्या सगळ्यांना लागतो. तरी याचं कुणाला काही वाटलं नाही. शत्रू मेले की सगळेच खूश. खरी गोष्ट घडली ती नवव्या पायरीच्या आसपास, एका किल्ल्यापाशी.

आदल्या शनिवारी सूत्रधारानं आम्हाला त्या किल्ल्यासमोर आणून खेळ थांबवला होता. उंच तट, पहारे, आतून अडसर लावलेला दरवाजा. पुढच्या शनिवारी लेथवाला मित्र खिशातून घडी घातलेला कागद काढून बसला. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत त्यानं किल्ल्याचा नकाशा काढला होता. दोर कुठे बांधायचा, पहारे बदलताना किती वेळ मिळेल, कुणी कुठून चढायचं, सगळं टिपलेलं. त्यानं कागद उलगडायला सुरुवात केली तेवढ्यात माझी पाळी आली. मी म्हणालो, "मी अदृश्य होतो. मग उडायचा मंत्र म्हणतो. तटावरून आत उतरतो आणि तिसऱ्या मंत्रानं आतून दरवाजा उघडतो." सूत्रधारानं पुस्तक चाळलं. तिन्ही मंत्र नियमाप्रमाणे बरोबर होते. पाच मिनिटांत किल्ला आमचा झाला. टेबलावर हशा, टाळ्या. मित्रानं कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

लहानपणी गल्लीत खेळताना आपण धाकट्या भावंडांना लिंबूटिंबू करून खेळायला घ्यायचो, आठवतं? तो पळतो, हसतो, पण तो बाद झाला काय नि न झाला काय, खेळाला फरक पडत नाही. एका प्रौढ, हुशार माणसाला त्या संध्याकाळी कळलं की आपण लिंबूटिंबू झालो आहोत. आणि ते मी केलं होतं, एकही नियम न मोडता.

हे असं का होतं, याचा शोध मी त्यानंतर घेऊ लागलो. थोडं इतिहासात जावं लागेल.

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचला. त्याच्या आधी, १९७१ साली, गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 'चेनमेल' नावाचा युद्धखेळ काढला होता. मध्ययुगीन सैन्याच्या छोट्या बाहुल्या टेबलावर मांडून लढाई खेळायची, असा तो प्रकार. त्याच्या पुरवणीत जादूगार आला. त्याच्या आगीच्या गोळ्याचा मारा किती, तर दगड फेकणाऱ्या मोठ्या यंत्राइतका. त्याच्या विजेचा मारा किती, तर जड तोफेइतका. म्हणजे जादूगाराचा जन्म तोफ म्हणून झाला. सैन्यात तोफ असली तर कुणाची तक्रार नसते. ती हळू, अवघड, तिचं रक्षण करायला शिपाई लागतात. शिपायाला तोफेचा हेवा वाटत नाही, कारण शिपायांची अख्खी पलटण खेळणारा आणि तोफ खेळणारा माणूस एकच असतो. पण १९७४ साली एकेका बाहुलीमागे एकेक माणूस बसला. आता एक जण तोफ झाला आणि एक जण शिपाई.

रचनाकारांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांनी तोफेला बेड्या घातल्या. पहिली बेडी जॅक व्हान्स या लेखकाकडून घेतली. त्याच्या 'द डाइंग अर्थ' या १९५० सालच्या पुस्तकातले जादूगार मंत्र पाठ करून डोक्यात ठेवतात, आणि एकदा उच्चारला की तो मंत्र पुसला जातो. पुन्हा हवा तर पुन्हा पाठ करा. मंत्राचं असं काडतूस झालं. १९७८ च्या पुस्तकात पहिल्या पायरीच्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र होता. दुसरी बेडी, अशक्त शरीर: लढवय्याचं बळ दहा बाजूंच्या फाशानं मोजायचं, जादूगाराचं चार बाजूंच्या. तिसरी, मंत्र म्हणताना घाव बसला तर मंत्र वाया. चौथी, संथ प्रगती: दुसरी पायरी चढायला लढवय्याला सुमारे २,००० गुण लागत, जादूगाराला २,५००.

यामागचा हिशेब होता, आज तू, उद्या मी. सुरुवातीला लढवय्यानं जादूगाराला जपायचं, पुढे जादूगारानं लढवय्याला. ऐकायला हे न्याय्य वाटतं, पण त्यात खोट आहे. ज्याला सहा महिनेच खेळता आलं त्यानं 'उद्या' कुठून आणायचा? आणि जो वर्षभर 'उद्या'त बसला आहे, त्याला 'काल तू मजेत होतास' हे सांगून काय उपयोग? शिवाय ती चौथी बेडी पुढे आपोआप गळून पडायची. त्याच तक्त्यात सातव्या पायरीला लढवय्याला सुमारे ७०,००० गुण लागत आणि जादूगाराला सुमारे ६०,०००. म्हणजे जादूगार बलवान होऊ लागला की नेमका तेव्हाच तो वेगानंही चढू लागे.

जुन्या नियमांत लढवय्यासाठी एक गोष्ट मात्र होती, आणि ती आज कुणाला फारशी आठवत नाही. नवव्या पायरीला त्याला गढी बांधून मुलूख राखता येई, आणि त्याच्या झेंड्याखाली सैनिक गोळा होत. जादूगार वाऱ्यावर उडत असेल, पण हाक मारली तर माणसं लढवय्याच्या मागे येत. हे बळ मंत्राच्या यादीत मावणारं नव्हतं, तरी ते बळच होतं.

२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीनं, म्हणजे आमच्या तळघरातल्या आवृत्तीनं, बरीच साफसफाई केली. सगळ्या पेशांना गुणांचा एकच तक्ता दिला, दुसऱ्या पायरीला सगळ्यांना १,००० गुण. घाव बसला तरी एकाग्रतेचं कौशल्य पणाला लावून मंत्र वाचवता येऊ लागला. मंत्र कांडीत भरून ठेवायची सोय झाली, एका कांडीत पन्नास वेळा पुरेल इतका. गढी आणि सैनिक मुख्य नियमांतून गेले. यातला प्रत्येक बदल वेगळा पाहिला तर शहाणपणाचाच होता, नवख्याला खेळ सोपा करणारा. पण एकेक बेडी काढता काढता तोफ मोकळी झाली. लढवय्या बेरजेनं वाढत राहिला: घाव थोडा जास्त अचूक, थोडे जास्त घाव. जादूगार गुणाकारानं वाढला. मंत्र जास्त, प्रत्येक मंत्र जास्त भारी, आणि मंत्रांचे प्रकारही जास्त. अमेरिकेतले खेळाडू हे गणिताच्याच भाषेत सांगतात, की लढवय्या सरळ रेषेत चढतो आणि जादूगार वर्गाच्या पटीत.

पण माझ्या मते गणितापेक्षा तो 'प्रकार' शब्द महत्त्वाचा आहे. आगीच्या गोळ्यानं लढवय्याचं काही हिरावलं नव्हतं. हिरावलं ते कुलूप उघडणाऱ्या, उडवणाऱ्या, अदृश्य करणाऱ्या साध्या मंत्रांनी. कुलूप उघडणं हे चोराचं काम, तट चढणं हे लढवय्याचं. जादूगार स्वतःचं काम करून वर दुसऱ्याचंही करू लागला, तेही त्याच्यापेक्षा चांगलं आणि फासा न टाकता. पंगतीत एकाच्या पानात जास्त वाढलं तर एक वेळ चालतं. त्यानं शेजारच्या पानातलं उचललं तर माणूस उठून जातो.

२००८ साली चौथी आवृत्ती आली. तिनं धाडस केलं. सगळ्या पेशांना एकाच साच्यात बसवलं. प्रत्येकाला केव्हाही वापरायच्या काही करामती, प्रत्येक चकमकीत एकदा वापरायच्या काही, आणि दिवसातून एकदाच वापरायच्या काही. लढवय्यालाही तेवढ्याच, जादूगारालाही तेवढ्याच. कुलूप उघडण्यासारखे मंत्र वेगळे काढून त्यांचे विधी केले. आता दहा मिनिटं बसून, पैसे खर्चून दरवाजा उघडायचा. म्हणजे चोराचं बोट पुन्हा कामाचं झालं. पंक्तिप्रपंच संपला. पण पुष्कळ जुने खेळाडू नाराज झाले. त्यांचं म्हणणं, सगळ्यांच्या पानात एकच भाजी आली, तिखटाला तिखट आणि गोडाला गोड म्हणून चव उरली नाही. मला स्वतःला ती आवृत्ती लोकांनी म्हटलं तेवढी वाईट वाटली नाही. पण त्यांचं दुःख मला समजतं. जादूगाराला जादूगार वाटलं पाहिजे. त्याच्या हातून कधीतरी अचाट काही घडलं पाहिजे. नाहीतर टोकदार टोपी कशाला घालायची?

२०१४ साली पाचवी आवृत्ती आली. मी तेव्हा पुण्यात परतून बरीच वर्षं झाली होती. पुस्तक हातात पडल्यावर मी आधी काय पाहिलं असेल? त्या संध्याकाळचे माझे तीन मंत्र. अदृश्य होण्याच्या मंत्राला आता सतत एकाग्रता लागते. उडण्याच्या मंत्रालाही लागते. आणि एका वेळी असा एकच मंत्र धरून ठेवता येतो. म्हणजे एकट्या जादूगारानं अदृश्यही व्हायचं आणि उडायचंही, हे बंद. कुलूप उघडणारा मंत्र अजून उघडतो, पण त्याचा ठोका तीनशे फुटांपर्यंत ऐकू जातो. पहारेकरी जागे होणारच. तिन्ही मंत्र शाबूत आहेत, जादू जादूच आहे, फक्त प्रत्येकीला आता सोबत लागते. मंत्रांची संख्याही आवरली. तिसऱ्या आवृत्तीत विसाव्या पायरीच्या जादूगाराला वरच्या दर्जाचे छत्तीस मंत्र रोज मिळत, वर बुद्धीच्या जोरावर आणखी. पाचवीत बावीस. सर्वांत भारी, नवव्या दर्जाचा मंत्र दिवसातून एकदाच. २०२४ च्या सुधारित पुस्तकात लढवय्यांना हत्यारागणिक वेगवेगळे डावही मिळाले.

काही खेळांनी वेगळीच वाट धरली. 'कॉल ऑफ थुलू' या १९८१ च्या खेळात मंत्र शिकायचा-वापरायचा तर आपल्या मनाचा तोल थोडा थोडा खर्ची घालावा लागतो. 'वॉरहॅमर'च्या २००५ च्या आवृत्तीत मंत्र म्हणताना टाकलेल्या फाशांवर सारखे आकडे पडले की जादू बिथरते. मला सर्वांत आवडलेली वाट 'आर्स मॅजिका' या १९८७ च्या खेळाची. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांनी तो रचला. त्यांनी सरळ मान्य केलं, की जादूगार इतरांपेक्षा बलाढ्य आहे आणि राहणार. मग त्यांनी प्रत्येक खेळाडूला एक जादूगारही दिला आणि एक साधा सोबतीही, वर सगळ्यांत मिळून काही शिपाई. आज तुझा जादूगार मोहिमेवर निघेल आणि मी शिपाई होईन, पुढच्या वेळी उलट. सत्ता वाटायची नाही, पाळी वाटायची. आणि गंमत बघा, हाच ट्वीट पुढे २००० सालच्या त्या तिसऱ्या आवृत्तीच्या रचनाकारांत होता. म्हणजे त्याला दुखणं ठाऊक नव्हतं असं कसं म्हणायचं?

काही जण मला म्हणतात, एवढं कशाला मनावर घेता? खेळात हारजीत नाही, मग समतोल कशाला हवा? कथा-कादंबऱ्यांत तरी सगळी पात्रं कुठे सारखी असतात? मी त्यांना गँडाल्फचं उदाहरण देतो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये एवढा मोठा जादूगार आहे, तरी छोट्या हॉबिटांची गोष्ट झाकोळत नाही. कारण लेखक टॉल्किन त्याला ऐन वेळी दूर नेतो, कधी त्याचे हात बांधतो. टेबलावर असा लेखक नसतो. तिथे गँडाल्फच्या मागे एक उत्साही माणूस बसलेला असतो, त्याच्या हातात मंत्रांची यादी असते, आणि दर मिनिटाला त्याची पाळी येते. हारजीत नसलेल्या खेळात वाटून घ्यायला एकच गोष्ट असते, ती म्हणजे आपण इथे हवे आहोत ही भावना.

मिलवॉकी सोडण्याआधी मी लेथवाल्या मित्राला भेटायला गेलो होतो. कॉफी झाली. मी चाचरत किल्ल्याचा विषय काढला. तो म्हणाला, "तू किल्ला घेतलास याचं मला काही वाटलं नाही. मी आठवडाभर त्या किल्ल्यात राहत होतो, आणि तुमच्यापैकी कुणी मला विचारलंही नाही की कागदावर काय आहे." मी तेव्हा विचारलं. त्यानं हसून सांगितलं की कागद केव्हाच टाकून दिला.

गेली काही वर्षं मी पुण्यात सूत्रधार होतो. खेळायला माझी भाची आणि तिचे तिघे मित्रमैत्रिणी. भाचीनं लढवय्यी घेतली. जादूगार आहे शेजारचा मुलगा, तिच्याहून चार वर्षांनी लहान, तिला ताई म्हणणारा. मी ठरवलं होतं की इथे पंक्तिप्रपंच होऊ द्यायचा नाही. आणि पहिल्याच महिन्यात मी दुसरी चूक केली. दर ठिकाणी त्याचा मंत्र वाया घालवू लागलो. या गुहेत जादू चालत नाही, या राजाकडे मंत्र उलटवणारा ताईत आहे. तिसऱ्यांदा असं झाल्यावर त्या पोरानं यादी मिटली आणि खिडकीबाहेर बघत बसला. मला तळघरातला घडी घातलेला कागद आठवला. एकाच्या पानातलं काढून घेतल्यानं दुसऱ्याचं पोट भरत नाही, हे मला त्या वयात शिकावं लागलं.

मग मी काही साध्या गोष्टी करू लागलो. त्या कुठल्याही सूत्रधाराला करता येतील. पहिली, दिवस लांबवायचा. २०१४ च्या सूत्रधाराच्या पुस्तकात एका दिवसात सहा ते आठ चकमकींचा अंदाज धरला आहे. बहुतेक टेबलांवर एक-दोन होतात आणि मंडळी झोपायला जातात, म्हणजे तोफ रोज सकाळी भरलेली. दिवस लांबला की जादूगार मंत्र जपून वापरतो आणि लढवय्याच्या न संपणाऱ्या तलवारीची किंमत कळते. दुसरी, अडचण समोर आली की आधी विचारायचं लढवय्याला: तुला इथे काय दिसतं? उत्तर ऐकून झाल्यावर मग यादी. तिसरी, जुन्या पुस्तकातली गढी परत आणायची. भाचीच्या लढवय्यीला एका घाटातल्या चौकीची जबाबदारी मिळाली, आणि आता खोऱ्यातली माणसं जादूगाराकडे नवलानं बघतात, पण गाऱ्हाणं घेऊन तिच्याकडे येतात.

चौथी गोष्ट मात्र मी शिकवली नाही. ती त्या पोरानं मला शिकवली.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एक खोल दरी, पलीकडच्या कड्यावर एक पंख असलेला राक्षस, आणि त्यानं धरून नेलेलं चौकीतलं एक मूल. अलीकडून त्याचे साथीदार बाण मारताहेत. जादूगाराची पाळी आली. मला वाटलं, हा आता उडणार. त्यानं यादीवर बोट ठेवलं, मान वर केली आणि म्हणाला, "ताई, तुला उडवू?"

मी त्या मंत्राचे शब्द पुन्हा वाचले. ज्याला स्पर्श कराल तो उडतो. मिलवॉकीच्या पुस्तकातही हेच होतं. अदृश्य करण्याच्या मंत्रातही तेच. त्या रात्री मी माझ्या मित्राच्या खांद्याला हात लावू शकलो असतो. त्याचा नकाशा, त्याचा दोर, त्याची तलवार आणि माझा मंत्र. पुस्तकानं मला कधीच सांगितलं नव्हतं की स्वतःलाच हात लाव.

भाची तलवार उपसून दरीवर झेपावली. आणि लगेच ओरडली, "त्याला सांभाळा!" कारण पाचव्या आवृत्तीत जादूगाराची एकाग्रता मोडली तर मंत्र तुटतो, आणि ती दरीच्या मधोमध होती. पुजारी ढाल घेऊन त्याच्या पुढे उभा राहिला. चोर बाण मारणाऱ्यांच्या मागे सरपटत गेला. तरी एक बाण पोराला लागलाच. आता वीस बाजूंचा फासा, त्यात त्याच्या तब्येतीचे गुण मिळवायचे, आणि बेरीज दहा किंवा जास्त यायला हवी. त्यानं फासा मुठीत धरला. चौघंही टेबलावर वाकले. कुणी बोलेना. भाचीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, खराखुरा.

फासा थांबला. अकरा.

पुढे ते मूल सुखरूप घरी आलं, आणि माझ्या घरी त्या रात्री चहाची दोन भांडी झाली. निघताना भाची म्हणाली, "मामा, पुढच्या रविवारी लवकर या. मी त्या कड्याचा नकाशा काढून आणणार आहे."

मी म्हणालो, "आण. आधी तोच बघू."